चार बाजू, चौदा गाणी : 'दिल पड़ोसी है'च्या आवृत्त्यांची गोष्ट

(आमच्या भागाचा हा लेखी अवतार. बोलताना घसरलेली वाक्यं जमेल तेवढी सरळ केली आहेत, बाकी जशीच्या तशी.)

नेहमीप्रमाणे जिते गावातून बोलतोय. मध्येच गाडीचा भोंगा ऐकू आला तर हेडफोन काढून मागे बघू नका, ती आमची पनवेल-रोहा लाईन आहे. ती रेकॉर्डिंगसाठी थांबत नाही.

आज एका अल्बमबद्दल बोलायचंय. आशा भोसले यांचा 'दिल पड़ोसी है'. साल १९८७. तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी हे नाव ऐकलं नसेल, आणि उरलेल्यांनी यातलं एखादं गाणं एखाद्या प्लेलिस्टमध्ये ऐकलं असेल, पण ते कुठून आलं हे माहीत नसेल. मलाही नव्हतं. मी तर बरीच वर्षं यातलं एक गाणं चुकीचंच ऐकत होतो.

झालं असं की माझ्या मामाचा गणपतीचा कारखाना आहे. आमच्या या पट्ट्यात, जिते, हमरापूर, जोहे, कळवे या बाजूला, ते काही विशेष नाही. जून-जुलैत रात्र रात्र रंगकाम चालतं आणि रंगकाम म्हटलं की गाणी आलीच. आता ब्लूटूथ स्पीकर आहे. मी लहान असताना एक काळा टेपरेकॉर्डर होता, ज्याच्या बटणांवर पिवळा रंग सुकून बसलेला. त्यात मामाची ठरलेली दहा-बारा कॅसेट्स फिरायची. कोळीगीतं, प्रल्हाद शिंदे, आणि त्यातच ही एक, आशाबाईंची. मामाला डोळ्यांची आखणी करताना हीच लागायची. कोळीगीतावर हात नाचतो म्हणायचा.

त्या कॅसेटमध्ये 'रिश्ते बनते हैं' नावाचं एक गाणं होतं. मधेच एका जागी आवाज खोल विहिरीत गेल्यासारखा व्हायचा आणि मग उसळी मारून वर यायचा. मला वाटायचं, वा, काय जागा घेतलीय! पुढे कॉलेजात असताना तेच गाणं ॲपवर लावलं. विहीर आलीच नाही. मी मामाला फोन केला, म्हटलं हे गाणं वेगळं आहे. मामा हसायला लागला. टेप एकदा मशीनमध्ये गुंतली होती, त्याने ती पेन्सिलीने सोडवून परत गुंडाळली होती. ती जागा आशाबाईंनी घेतलेली नव्हती. टेपरेकॉर्डरने घेतली होती.

तेव्हापासून डोक्यात हा किडा आहे. एका गाण्याची 'खरी' आवृत्ती म्हणजे कोणती? आणि ती कोणाची?

तर आधी १९८७ ला जाऊ.

आशा भोसले तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या. जन्म ८ सप्टेंबर १९३३, सांगलीकडच्या गोर गावचा. वडील मास्टर दीनानाथ १९४२ मध्ये गेले आणि पुढच्याच वर्षी, दहा वर्षांच्याही नसताना, 'माझा बाळ' या मराठी चित्रपटात त्यांनी पहिल्यांदा गायलं. म्हणजे १९८७ पर्यंत चव्वेचाळीस वर्षांची नोकरी झालेली! एवढ्यात माणूस निवृत्त होतो. पण गंमत बघा, ऐंशीच्या दशकात त्या सिनेमाच्या बाहेर जास्त हिंडत होत्या. १९८३ मध्ये गुलाम अली यांच्यासोबत 'मेराज-ए-ग़ज़ल', १९८५ मध्ये हरिहरन यांच्यासोबत 'आबशार-ए-ग़ज़ल'.

दुसरीकडे राहुलदेव बर्मन, म्हणजे पंचम. आशाबाईंशी लग्न १९८० चं. सत्तरच्या दशकाचा राजा असलेला हा माणूस ऐंशीच्या मध्याला मागे पडत चालला होता. डिस्कोची लाट बप्पी लाहिरींनी पकडली होती, बरेच निर्माते पंचमकडे यायचे बंद झाले होते. तिसरे गुलज़ार. 'परिचय', 'आँधी' हे सगळं पंचमसोबत करून झालेलं.

या तिघांनी ठरवलं की सिनेमाच नको. हिरो नाही, हिरोईन नाही, इंटरव्हलच्या आधी एक गाणं हवं असला प्रकार नाही. फक्त गाणी. चौदा. आणि ती ८ सप्टेंबर १९८७ ला, आशाबाईंच्या वाढदिवशी, एचएमव्हीने बाजारात आणली.

आता ही 'आणली' म्हणजे कशी, ते ऐका, कारण आपल्या पिढीला हे समजावून सांगावं लागतं. ती होती एलपी, बारा इंचाची काळी तबकडी, मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे घेणारी. एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटांचा ऐवज बसतो. जास्त कोंबलं तर खाचा जवळजवळ येतात आणि आवाज बारीक होतो. चौदा गाणी एका तबकडीत बसणार नव्हती, म्हणून दोन तबकड्यांचा संच केला. चार बाजू. तीन-चार गाणी झाली की उठायचं, तबकडी उलटायची, सुई ठेवायची, परत बसायचं. आपण 'स्किप' करतो ना, त्याच्या बरोबर उलटं. आणि गाण्यांचा क्रम ज्याने ठरवला त्याला माहीत होतं की इथे माणूस उठणार आहे. आधीचं गाणं त्याला शांत करून उठवणारं हवं की अस्वस्थ करून, हा विचार त्यात असायचा. शफल आलं आणि तो विचारच गेला.

संगीत ऐकाल तर त्यात एक गाणं सकाळच्या रागदारीचं अंग घेऊन येतं, 'भीनी भीनी भोर'. आणि त्याच संचात 'रात क्रिसमस की थी' पण आहे. नावावरूनच कळतं की हे दोन वेगळ्या गावचे पाहुणे आहेत. हे सगळं एकाच घरात सुचलेलं. मला विचाराल तर हा पंचमचा सर्वात मोकळा अल्बम आहे. त्याच वर्षीचं 'इजाज़त' मात्र सगळ्यांना माहीत आहे, 'मेरा कुछ सामान', ज्यासाठी आशाबाईंना आणि गुलज़ारना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. तीच तिघं, तेच साल. एकाला सिनेमाचा आधार होता, दुसऱ्याला नव्हता, एवढाच फरक. आणि आपल्याकडे तो फरक फार मोठा असतो.

कारण गल्लीत तेव्हा दुसरंच वादळ चाललं होतं. कॅसेट! एलपी ऐकायला रेकॉर्ड प्लेयर लागायचा, तो शंभरात एखाद्याच्या घरी. कॅसेटचा टेपरेकॉर्डर मात्र आखातात कामाला गेलेला कोणी ना कोणी घेऊन यायचा. गुलशन कुमार यांच्या टी-सीरीजने कॅसेट स्वस्त केली, पानाच्या टपरीपासून किराणा दुकानापर्यंत पोचवली. जुन्या हिट गाण्यांच्या नक्कल आवृत्त्या, म्हणजे तेच गाणं दुसऱ्या गायकाच्या आवाजात, ढिगाने निघाल्या. १९८८ ला 'कयामत से कयामत तक', १९९० ला 'आशिकी'. या दोन्हींच्या गर्दीत १९८७ च्या एका शांत, महागड्या, दोन तबकड्यांच्या संचाला कोण विचारतो? पण अल्बमची कॅसेटही निघाली, आणि त्यातलीच एक फिरत फिरत आमच्या मामापर्यंत आली. दोन तबकड्यांचा तो संच जिते गावात कोणाकडे असेल असं मला वाटत नाही.

इथे एक मिनिट थांबतो, कारण नक्कल आवृत्ती कायदेशीर कशी, असं मला मागच्या भागानंतर दोघांनी मेसेज करून विचारलं होतं.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात एक खिडकी होती. गाणं प्रसिद्ध होऊन दोन वर्षं झाली की आगाऊ कळवून, ठरलेली रॉयल्टी भरून, कोणीही ते नव्याने रेकॉर्ड करू शकत होतं. रॉयल्टी जायची शब्द आणि चाल ज्याच्या मालकीची त्याला, आणि ती मालकी बहुतेक वेळा कंपनीकडे. ज्याने पहिल्यांदा गायलं त्या गायकाला? काही नाही. कायद्याच्या लेखी गायकाचा स्वतःचा असा हक्कच नव्हता. कलाकाराचा हक्क नावाची गोष्ट १९९४ च्या दुरुस्तीत आली. लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी यांचं साठच्या दशकात जे बिनसलं होतं, ते याच रॉयल्टीवरून. लताबाईंचं म्हणणं, गायकाला वाटा मिळायला हवा. रफीसाहेबांचं म्हणणं, गायलं, पैसे घेतले, विषय संपला. काही वर्षं ते दोघं एकत्र गायले नाहीत. शेवटी २०१२ च्या दुरुस्तीने गायकांच्या रॉयल्टीला आधार दिला, आणि नक्कल आवृत्तीची मुदतही दोन वर्षांवरून पाच केली. तोवर लताबाईंचं ते भांडण पन्नास वर्षांचं झालं होतं.

हं, तर पंचम ४ जानेवारी १९९४ ला गेले. त्याच वर्षी '१९४२: अ लव्ह स्टोरी' आला आणि सगळे म्हणाले, अरे, हा माणूस तर संपलाच नव्हता.

आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या बॅली सागूने 'बॉलीवूड फ्लॅशबॅक' काढला. त्यात 'चुरा लिया' होतं. 'यादों की बारात'मधलं, १९७३ चं, आशाबाईंचं. पण सागूच्या गाण्यात आशाबाई नव्हत्या. बाई दुसरी, खाली रेग्गेची थाप, मध्ये एक माणूस इंग्रजीत रॅप करतो. आमच्या मोठ्या भावंडांच्या लग्नातल्या वरातीत हेच वाजलं. त्यांच्यातल्या कित्येकांना मूळ गाणं नंतर कळलं.

आता सांगा, एखादी ज्येष्ठ गायिका अशा वेळी काय करेल? मुलाखत देईल, जुनं ते सोनं म्हणेल. आशाबाईंनी लेस्ली लुईससारख्या तरुण संगीतकाराला गाठलं आणि पंचमची गाणी स्वतःच्या आवाजात, नव्या ठेक्यावर परत गायली. 'राहुल अँड आय' या नावाने. मग १९९७ मध्ये त्याच लुईससोबत 'जानम समझा करो', साठी ओलांडल्यावर पूर्ण पॉप अल्बम, टीव्हीवर व्हिडिओ, बक्षिसं. मला हे फार आवडतं. दुसऱ्याने तुमच्या मूर्तीवर रंग चढवण्याआधी तुम्हीच ब्रश हातात घेतलात.

त्याच १९९७ मध्ये कॉर्नरशॉप या इंग्लिश बँडने 'ब्रिमफुल ऑफ आशा' काढलं. आशा म्हणजे या आशाच. मिनिटाला ४५ फेरे घेणारी छोटी तबकडी घरी लावून हिंदी गाणी ऐकत वाढलेल्या एका पंजाबी पोराने, तजिंदर सिंगने, लिहिलेलं ते गाणं. ऑगस्टमध्ये निघालं, इंग्लंडच्या यादीत साठाव्या नंबरपर्यंत जाऊन गप्प बसलं. मग फॅटबॉय स्लिम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नॉर्मन कुकने त्याचा वेग वाढवला, तालात बदल केले. तेच गाणं फेब्रुवारी १९९८ मध्ये परत निघालं आणि थेट पहिल्या नंबरवर गेलं. सहा महिन्यांत साठवरून एक. गाणं तेच, आवृत्ती दुसरी.

मला माहितीय, मी 'दिल पड़ोसी है'पासून लांब आलो. आता परत येतो, तेही सॅन फ्रान्सिस्कोमार्गे.

तिथे क्रोनोस क्वार्टेट नावाचा चौघांचा वाद्यसमूह आहे. दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातली ही ठरलेली मांडणी, पण हे लोक त्यावर काहीही वाजवतात. त्यांचा प्रमुख डेव्हिड हॅरिंग्टन पंचमच्या प्रेमात पडला. २००५ मध्ये 'यू हॅव स्टोलन माय हार्ट' असा अख्खा अल्बम आला, बारा गाणी, सगळी पंचमची. आणि गायला कोण? आशाबाईच. सत्तरी ओलांडलेल्या. तबल्यावर झाकीर हुसेन, चिनी पिपा वाजवायला वू मान. पंचमने जे ऑर्गनवर, सिंथेसायझरवर, पितळी वाद्यांवर केलं होतं ते या चौघांनी बरंचसं तारांवर बसवलं, एकावर एक थर देत. ग्रॅमीसाठी नामांकन मिळालं.

त्या बारा गाण्यांत 'दम मारो दम' आहे, 'पिया तू' आहे, 'चुरा लिया' आहे. हे कोणीही निवडलं असतं. पण दुसऱ्याच नंबरला काय आहे माहितीय? 'रिश्ते बनते हैं'. मामाच्या कॅसेटमधलं. सिनेमा नाही, पोस्टर नाही, वरातीत कधी वाजलं नाही, आपल्याकडे विसरलेलं. ते कॅलिफोर्नियातल्या व्हायोलिनवाल्यांना सापडलं!

दोन्ही आवृत्त्या लागोपाठ ऐका, हा गृहपाठ समजा. १९८७ चा आवाज गोल आहे, श्वास लपवणारा. २००५ मध्ये श्वास ऐकू येतो. शब्द सोडताना एक किंचित खरखर आहे. मामाला दोन्ही ऐकवली. तो म्हणाला, पहिली जास्त चांगली आहे आणि दुसरी जास्त खरी आहे. मी त्याला म्हटलं, हे तू पॉडकास्टवर येऊन बोल. तो म्हणाला, माझे अडीचशे गणपती रंगवायचे राहिलेत.

मधल्या काळात एचएमव्हीचं काय झालं? तिची भारतातली कंपनी, ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया, २००० मध्ये 'सारेगामा' झाली. 'दिल पड़ोसी है'च्या तबकड्या गेल्या, सीडी आल्या, सीडीही गेल्या, आता ॲपवर चौदा गाणी एका बोटाच्या अंतरावर आहेत. त्याचं मला वाईट वाटत नाही, उलट आनंद आहे. फक्त एक सांगतो, ॲपवर अल्बमखाली दिसणाऱ्या सालावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. पुष्कळदा ते डिजिटल फाईल चढवल्याचं साल असतं. मी एकदा त्यावरून भर कार्यक्रमात तोंडघशी पडलोय. आणि तबकडीच्या पाकिटावर जी नावं मोठ्या अक्षरात असायची, ती आता तीन ठिपक्यांवर दाबलं तरच दिसतात.

कायद्याचा हिशेब करायचा तर आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर साठ वर्षं. म्हणजे हे रेकॉर्डिंग २०४७ च्या अखेरीपर्यंत कंपनीचं.

पण सगळ्यात नवी आवृत्ती कोणती, तर जी आशाबाई गायल्याच नाहीत ती. गेल्या काही वर्षांत तुम्ही पण ऐकली असेल. कुठल्याही गाण्यावर 'आशा भोसलेंच्या आवाजात' अशी पाटी. मशीनला त्यांचे जुने आवाज खाऊ घालायचे आणि मशीन गायला लागतं. इथे नवं रेकॉर्डिंग कोणी चोरत नाही, तबकडी कोणी छापत नाही. गळाच उचलतात. २०२४ मध्ये अरिजित सिंग याच कारणाने मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि त्यांना संरक्षण मिळालं. २०२५ मध्ये आशाबाईही गेल्या. न्यायालयाने त्यांच्याही बाजूने आदेश दिला, की परवानगीशिवाय कोणाचाही आवाज त्यांच्या आवाजात बदलून देणारी साधनं चालवणं हा त्यांच्या व्यक्तिमत्त्वाच्या हक्काचा भंग आहे. बघा, १९४३ पासून गाणाऱ्या बाई. ज्या कायद्याला एके काळी गायक दिसतच नव्हता, त्याच देशातल्या न्यायालयाने म्हटलं की आवाज हा या बाईचा आहे.

आमच्याकडे या गोष्टीला हसत नाहीत, कारण कारखान्यात हे रोजचं आहे. तीन वर्षांपूर्वी मामाने उंदरावर बसलेल्या बाळगणेशाचं एक मॉडेल मातीत केलं होतं, दोन महिने घालून. त्यावरून रबराचा साचा, साच्यातून मूर्ती. पहिल्याच मोसमात कोणीतरी एक मूर्ती विकत नेली, आणि पुढच्या वर्षी हुबेहूब तोच बाळगणेश दुसरीकडून कच्चा, म्हणजे न रंगवलेला, ट्रकने बाहेरगावी जाताना दिसला. मूर्तीवरून परत साचा काढला होता. कोणी केलं ते मामाला माहीत आहे, नाव तो घेत नाही, मीही घेणार नाही. मी विचारलं, ओळखलंस कसं? तर म्हणाला, डाव्या कानामागे माझ्या अंगठ्याचा दाब राहिला होता, तो त्याच्या मूर्तीतही होता.

ती कॅसेट अजून कारखान्यात आहे. टेपरेकॉर्डर बिघडला होता, पेणच्या बाजारात एका म्हाताऱ्या मेकॅनिककडून त्याचा पट्टा बदलून आणला. काल रात्री या भागासाठी ती परत लावली. 'रिश्ते बनते हैं' सुरू झालं, विहीर आली, आवाज बुडाला, वर आला. मामाने ब्रश थांबवला नाही. त्या चार सेकंदांचं रेकॉर्डिंग मी फोनवर करून ठेवलंय. या भागात घालावं का, यावर आमच्या टीममध्ये बराच वाद झाला. शेवटी नाही घातलं, कारण परवानगी कोणाकडे मागायची हेच ठरेना. सारेगामाकडे, की टेपरेकॉर्डरकडे?

पुढच्या भागात कोळीगीतांच्या कॅसेट्स. तुमच्या घरी माळ्यावर काही असतील तर पाकिटाचा फोटो पाठवा, दोन्ही बाजूंचा.